कोरडे हात

आमच्या ग्रुपवर प्रत्येक तक्रारीला एक लेबल लागतं. मोटर, हीटर, वायरिंग, गळती, अर्थिंग अशी ती लेबलं आहेत. दोष सापडला की ॲडमिन त्यातलं योग्य ते चिकटवतो आणि पोस्टला कुलूप लावतो. मग ती ‘सुटलेल्या’ तक्रारींत जाते. तिथे ती वाचता येते, पण तिच्याखाली कोणाला काही लिहिता येत नाही.

ग्रुप घरातल्या यंत्रांच्या दुरुस्तीचा आहे. मिक्सर फिरत नाही, पंखा गुरगुरतो, इस्त्री तापत नाही, असं सांगत लोक येतात आणि ज्यांना कळतं ते उत्तर देतात. ग्रुप काढला माझ्या सासऱ्यांनी. त्यांना घरी आणि ग्रुपवर सगळे नानाच म्हणतात. ते जन्मभर वायरमन होते. गुडघ्यांनी शिडीला नकार दिला तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांना हा ग्रुप करून दिला. नाना म्हणतात, “आता मी बसल्या जागी शिडी चढतो.”

ॲडमिन आम्ही तिघं. नाना, लिफ्टदुरुस्ती करणारे एक गृहस्थ आणि मी. लिफ्टवाल्यांनी ग्रुपवर ‘सातवा मजला’ असं नाव घेतलंय. मी पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. ग्रुपवर मला मीटरबाई म्हणतात, कारण मत देण्याआधी मी मोजमाप मागते. मी लिहायला लागले की कोणीतरी हमखास टाकतं, “मीटरबाई आल्या, आकडे काढून ठेवा.” मला त्याचं काही वाटत नाही. मोजमापाशिवाय मत द्यायचं नाही, हीच माझी नोकरी आहे.

लेबलांच्या यादीत सगळ्यात लाडकं लेबल मात्र कुठल्याही भागाचं नव्हतं. ते होतं ‘गृहमंत्री दोष’.

त्याची कथा जुन्या सभासदांना पाठ आहे. सासूबाईंनी एकदा सांगितलं, मिक्सर चालत नाही. नानांनी तो जेवणाच्या टेबलावर घेतला, शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवला, पुसला, पुन्हा जोडला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की भिंतीवरचं बटणच बंद आहे. हा किस्सा त्यांनी ग्रुपवर रंगवून लिहिला आणि शेवटी लिहिलं, “यंत्र निर्दोष. दोष गृहमंत्र्यांचा.” लोक इतके हसले की नानांनी त्याचं लेबलच करून टाकलं. यंत्र ठीक आहे, वापरणाराच चुकलाय, अशी पोस्ट आली की ते लागायचं. वापरणारा पुरुष असला तर मात्र नुसतं ‘वापरातील चूक’ लागायचं. हा फरक कोणी ठरवून केला नव्हता. तो आपोआप झाला होता. लेबल लागलं की खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागायची आणि कोणीतरी लिहायचं, “खातं बदला,” दुसरा लिहायचा, “फेरबदल शक्य नाही, युतीचं सरकार आहे.”

मी हे बरीच वर्षं पाहत होते. भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर जसं दिसतं पण कोणी वाचत नाही, तसं.

त्या दिवशी दुपारच्या चहाला मी फोन उघडला तर ॲडमिनच्या पेटीत एक तक्रार पडलेली होती. एखादी पोस्ट आक्षेपार्ह वाटली तर सभासद ती आमच्याकडे पाठवू शकतात, आणि कारण निवडावं लागतं: शिवीगाळ, अश्लील, जाहिरात किंवा इतर. या तक्रारीत ‘इतर’ निवडलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, “उत्तर मिळालं नाही.” तक्रार करणाऱ्याचं टोपणनाव होतं ‘कोरडे हात’.

मी मूळ पोस्ट उघडली. तीही ‘कोरडे हात’ यांचीच होती:

“वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. कधीकधी झटका बसतो. फरशीवर अनवाणी उभी असले तर येतात. रबरी चप्पल घातली तर येत नाहीत. लाकडी फळीवर उभी राहिले तरी येत नाहीत. हात ओले की कोरडे, याने फार फरक पडत नाही. हात टॉवेलने पुसून, पंख्याखाली वाळवूनही पाहिलं. मशीन बंद आहे पण प्लग लावलेला आहे, तरीही येतात. प्लग काढला की येत नाहीत. काय करावं?”

खाली नानांचं उत्तर होतं. “मशीनला काही झालेलं नाही. हात नीट पुसून काम करा.” लेबल, गृहमंत्री दोष. मग हसरे चेहरे. मग कुलूप.

मी चहा बाजूला ठेवला आणि पोस्ट पुन्हा वाचली. प्रयोगशाळेत नवीन येणाऱ्यांना आम्ही पहिली गोष्ट शिकवतो ती ही, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. पदवी घेऊन आलेल्यांनासुद्धा ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. या बाईंनी पाय बदलले, मग हात बदलले, मग वीज बदलली. हात ओले असतील ही शंका कोणी घेणार हे ओळखून ती त्यांनी आधीच निकालात काढली होती. आणि तेच कारण सांगून त्यांची पोस्ट बंद केली होती.

पोस्टसोबत फोटो होता. मशीनचा खालचा भाग, फरशी आणि समोर ठेवलेली लाकडी फळी. फळीवर इस्त्रीच्या टोकाचा काळा डाग होता, होडीच्या आकाराचा.

तो डाग माझ्या ओळखीचा होता. नानांनी दुरुस्त केलेली एक इस्त्री तापते का ते बघायला त्या फळीवर टेकवली होती आणि गप्पा मारत तिथेच विसरले होते. फळी माझ्या सासरच्या घरी, मागच्या गॅलरीत असते.

मी बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन सासूबाईंना फोन लावला.

“आई, मशीनचा प्लग काढा.”

त्या म्हणाल्या, “काढलाय. कशावरून ओळखलंस? फळीवरून ना? तरी वाटत होतं, फळी बाजूला करून फोटो काढावा. पण मग निरीक्षण अर्धवट राहिलं असतं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मशीन आधी बाथरूममध्ये होतं. तिथे जागा अडते म्हणून नानांनी ते मागच्या गॅलरीत हलवलं आणि त्याच्यासाठी स्वतः नवा बोर्ड बसवला. झिणझिण्या तेव्हापासून. त्यांनी नानांना सांगितलं, नाना म्हणाले हात पुसत जा. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. एकदा तर त्यांनी नानांच्या समोर हात पुसले, मशीनला लावले आणि “आई गं” म्हणाल्या. नाना पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, अजून पुसले पाहिजेत.

मी म्हटलं, मी आत्ता नानांना फोन करते.

“करू नकोस,” त्या म्हणाल्या. “घरातलं उत्तर मला मिळालंय. मला बाहेरचं हवं होतं. एखाद्या परक्या बाईने विचारलं तर हे काय सांगतात, ते बघायचं होतं.”

“त्यांनी तेच सांगितलं.”

“म्हणून तर तक्रार केली. आणि हे बघ, तू माझं नाव सांगितलंस तर हे आत्ता पक्कड घेऊन धावतील. बायको आहे ना. मला मशीन नीट करून मिळेल. पण त्या ग्रुपवर ज्या बाकीच्या बायका विचारतात, त्यांच्या घरी कोण पक्कड घेऊन धावणार? मी वाचते सगळं. बरेच दिवस वाचतेय.”

त्या ग्रुपवर आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्यांना सांगितलं की नुसत्या झिणझिण्या असल्या तरी यात धोका आहे. आज किंचित प्रवाह येतोय, उद्या मशीनच्या आत एखादी वायर सुटली तर पूर्ण दाबाची वीज अंगावर येईल. त्या म्हणाल्या, म्हणूनच प्लग काढलाय, कपडे हाताने धुतेय, आणि नानांना सांगितलंय की मशीन रुसलंय. नाना म्हणाले, बघतो उद्या.

“तुला माहितीये ना यांचा उद्या,” त्या म्हणाल्या. “कॅलेंडरात नसतो तो.”

मी वचन दिलं की नाव सांगणार नाही, आणि प्लग लावणार नाही असं वचन घेतलं.

कुलूप काढायला तीनपैकी दोन ॲडमिन लागतात. मी आमच्या तिघांच्या गप्पांत लिहिलं, ही पोस्ट उघडावी आणि लेबल काढावं. लिफ्टवाल्यांनी विचारलं की यात आक्षेपार्ह काय आहे. शिवी नाही, घाणेरडं काही नाही. थट्टा आहे, आणि ती बायकांना लागते असं म्हणायचं तर नानांच्या घरच्यांनाच सगळ्यात आधी लागली असती. नानांनी खाली लिहिलं, “बरोबर.”

मी लिहिलं की थट्टा वाईट की बरी हा वाद मला आत्ता घालायचाच नाही. या लेबलाचा अर्थ आहे, यंत्रात दोष नाही. हे निदान आहे. ते करण्याआधी काय तपासलं?

लिफ्टवाले म्हणाले, विचार करतो.

रविवारी आम्ही जेवायला सासरी गेलो. रविवारचं जेवण तिथेच असतं. टेबलाच्या एका टोकाला नाना, त्यांच्या हातापाशी नेहमीप्रमाणे टेस्टर आणि चष्म्याचं घर. सासूबाई वाढत होत्या. त्यांची बोटं साबणाने पांढरी, सुरकुतलेली दिसत होती. कपडे हाताने धुतल्याची खूण. नानांनी ती पाहिली असेल तर बोलले नाहीत.

विषय त्यांनीच काढला. म्हणाले, सूनबाईंना आमच्या मंत्रिमंडळावर अविश्वास ठराव आणायचाय. नवरा हसला आणि मग माझ्याकडे बघून जेवायला लागला. तो या भांडणात कधीच पडत नाही. म्हणतो, दोन ॲडमिनच्या मध्ये सभासदाने येऊ नये.

मी नानांना एवढंच विचारलं की कोरड्या हातांनीही झटका बसतो असं त्या बाईंनी लिहिलंय, तर मग हात पुसा असं का सांगितलं?

“अगं, लिहितात गं तशा,” नाना म्हणाले. “मी किती घरं बघितलीत. बाई म्हणते हात कोरडे, आणि बघावं तर पदराला निथळतंय पाणी. आता हिलाच विचार. हिलाही लागतो तसा शॉक. मी सांगतो हात पुस, तर ऐकत नाही.”

सासूबाईंनी त्यांच्या पानात भाजी वाढली.

“विचार की तिला,” नाना म्हणाले, “या लेबलाचं तिला कधी वाईट वाटलंय का? मिक्सरची गोष्ट सांगितली की तीच पहिली हसते.”

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “चार माणसांत रडू का मग?” आणि स्वयंपाकघरात पोळी आणायला गेल्या. नाना मोठ्याने हसले, म्हणाले, बघा, हजरजबाबी आहे. एकच रोगी एकाच डॉक्टरकडे दोन नावांनी आला होता, डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने दोन्ही लक्षणं एकत्र सांगितली होती, आणि तरी त्यांना दोष दिसत नव्हता. मी एक वाक्य बोलले असते तर दिसला असता. पण वचन दिलं होतं, आणि वचन देताना आईंचं म्हणणं मला पटलेलं होतं.

भांडी आवरताना मी हळूच म्हटलं, अजून किती दिवस हाताने धुणार? त्या म्हणाल्या, “हात माझे आहेत. घाई तुलाच झालीय.”

आठवड्याच्या मध्यात लिफ्टवाल्यांचा फोन आला. आम्ही एकमेकांना कधी भेटलेलो नाही. आवाज मात्र ओळखीचा झालाय, मागे नेहमी कसला तरी खडखडाट असतो. ते म्हणाले, “ताई, तुम्ही विचारलंत ना, आधी काय तपासलं म्हणून. ते डोक्यातून जाईना.”

त्यांच्या कामात एक रीत आहे. लिफ्टची तक्रार आली की मशीनच्या खोलीत जाण्याआधी कारागिराने स्वतः लिफ्टमध्ये बसायचं, आणि तक्रार करणारा ज्या मजल्यावरून ज्या मजल्यावर गेला त्याच मजल्यांमध्ये जाऊन यायचं. ‘लोक बटण नीट दाबत नाहीत’ असं आपल्या अहवालात लिहायची त्यांना मुभा नाही. फार पूर्वी होती. मग सगळेच तेवढंच लिहायला लागले, कारण ते लिहिलं की काम संपतं.

“आपलं लेबल तसंच झालंय,” ते म्हणाले. “मला थट्टेचं काही नाही. माझी बायको दिवसभर माझीच करते. पण कुलूप लावायला थट्टा सोपी पडायला लागली की मग काही खरं नाही. काढू या. नानांना मी सांगतो.”

त्यांनी सांगितलं. नानांनी आमच्या गप्पांत लिहिलं, “दोन विरुद्ध एक. लोकशाही आहे.” त्यानंतर दोन दिवस ते ग्रुपवर आलेच नाहीत. इकडे पोस्टचं कुलूप निघालं, लेबल निघालं, आणि त्यावर बऱ्यापैकी आरडाओरडा झाला. ग्रुप आता नाजूक झाला, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं की विनोदाला लायसन लागणार का. शिव्या नव्हत्या, म्हणून मी काही काढलं नाही. एकाने ‘कोरडे हात’ यांच्या दिसण्याबद्दल काहीतरी लिहिलं, ते काढलं आणि त्याला कारण कळवलं. बाकी मी वाद घातला नाही. पोस्टखाली एक प्रश्न विचारला.

“मशीनला हात लावू नका. पायात चप्पल असू द्या. तपासण्यापुरताच प्लग लावा. टेस्टर असेल तर मशीनच्या पत्र्याला टेकवा. दिवा लागतो का? मग एक्स्टेन्शन बोर्ड वापरून घरातल्या दुसऱ्या, जुन्या सॉकेटमधून वीज घ्या आणि पुन्हा टेकवा. काय दिसतं ते लिहा.”

टेस्टर घरात होताच. आणि तो कसा धरायचा हे आईंना कोणी सांगायची गरज नव्हती. लग्नापासून बघत होत्या. दुपारी नाना झोपलेले असताना त्यांनी ते केलं असणार, कारण उत्तर दुपारीच आलं.

“गॅलरीतल्या नव्या बोर्डावर दिवा लागतो. बाहेरच्या खोलीतल्या जुन्या सॉकेटवर लागत नाही. मशीन तेच, फरशी तीच, मी तीच.”

आता पोस्टचा रंग बदलला. ज्यांनी हसरे चेहरे टाकले होते त्यातलेच दोघंतिघं कारणं सुचवायला लागले. दोष मशीनमध्ये नाही, बोर्डात आहे, हे कोणालाही दिसत होतं. विनोदाला लायसन मागणाऱ्याने तर चक्क आकृती काढून टाकली. माणसं वाईट नव्हती. फक्त आधी त्यांच्यापर्यंत प्रश्न पोचलाच नव्हता, लेबल पोचलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा नाना टेबलाशी फोन घेऊन बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर. आम्हाला बघून म्हणाले, या, आणि पुन्हा फोनमध्ये. मी पाणी घेऊन समोर बसले. त्यांनी ती पोस्ट उघडलेली मला दिसली.

“वाचलीत?” मी विचारलं.

“वाचली,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “हे फळीचं मी आधी नीट वाचलंच नव्हतं. मशीन, शॉक आणि बाई, एवढं बघितलं.” मग म्हणाले, “हुशार बाई आहे. आमच्याकडे शिकाऊ पोरं असायची, त्यांना दहादा सांगून हे सुचायचं नाही.”

आणि ते एका बोटाने उत्तर लिहायला लागले. लिहिताना प्रत्येक शब्द तोंडाने म्हणायची त्यांना सवय आहे, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मागच्या गॅलरीत आई दोरीवरचे कपडे काढत होत्या. दार उघडं होतं.

“ताई,” नाना म्हणत होते, “तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मी घाई केली, माफ करा. तुमच्या नव्या बोर्डाला अर्थिंग जोडलेलं नाही. तीन पिनांतली वरची जाड पीन असते ना, तिच्यामागे हिरवी वायर हवी. ती सुटली असेल किंवा जोडलीच नसेल. मशीन तोवर लावू नका.” मग ते थांबले, रागाचा एक श्वास घेतला. कारागिराचा राग होता तो, दुसऱ्या कारागिरावरचा. “ज्या शहाण्याने बोर्ड बसवला त्याला बोलवा. मेन स्विच बंद करून तुमच्या समोर बोर्ड उघडायला लावा. सबबी ऐकू नका. उद्या करतो म्हणाला तर अजिबात सोडू नका. आमच्या धंद्यात उद्या येत नसतो.”

त्यांनी पाठवायचं बटण दाबलं. गॅलरीतून बारीकसा टिंग असा आवाज आला.

नाना चष्मा पुसत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. नवऱ्याने ऐकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी पाण्याचा पेला उचलला.

थोड्या वेळाने गॅलरीतून आईंची हाक आली. आवाज नेहमीचाच होता. “अहो, जरा स्क्रूड्रायव्हर घेऊन या. मेन स्विच बंद करून या.”

“आता कशाला? जेवण झाल्यावर बघतो.”

“नाही,” आई म्हणाल्या. “तुम्हीच सांगितलंत, सोडू नका.”

नाना उठले नाहीत. हातातला फोन त्यांनी टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पोस्टमधला फोटो बोटांनी मोठा केला. फळीवरचा डाग आता सगळ्या पडद्यावर आला असणार. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, पॅसेजमध्ये जाऊन मेन स्विच खाली केला. डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला.

आम्ही गॅलरीच्या दारात उभे राहिलो. आई बाजूला झाल्या होत्या, हातावर घडी न घातलेल्या कपड्यांचा ढीग. नाना गुडघ्यांवर बसले. बसताना त्यांना त्रास होतो, पण कोणी हात दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही. टेस्टरने एकदा तपासलं, झाकणाचे दोन्ही स्क्रू काढले, झाकण पुढे ओढलं.

हिरवी वायर आत होती. जाड पिनेपर्यंत पोचत नव्हती, वीतभर कमी पडली होती. तिच्या उघड्या टोकाला काळी टेप गुंडाळली होती, आणि टेपचं शेवटचं टोक दुमडून ठेवलं होतं. पुढे काढायला सोपं जावं म्हणून टेपचं टोक असं दुमडून ठेवणारा माणूस मी एकच पाहिलाय. ज्या टेपा ते दुमडतात, त्या पुन्हा काढायच्या असतात.

“वायर संपली होती,” नाना म्हणाले. “उद्या आणून…”

ते तिथेच थांबले.

त्यांनी टेपचं टोक धरून ओढलं. ती एका झटक्यात निघाली. नवऱ्याला त्यांनी पत्र्याच्या पेटीतून हिरव्या वायरचा तुकडा आणायला सांगितला. तुकडा पेटीत होता. भरपूर होता. त्यांनी जोड केला, वायर पिनेच्या मागे कसली, ओढून पाहिली, पुन्हा एकदा ओढून पाहिली. झाकण लावलं. मेन स्विच सुरू करून आले. मशीनचा प्लग लावला, टेस्टर पत्र्याला टेकवला. दिवा लागला नाही.

मग त्यांनी चपला काढल्या, अनवाणी फरशीवर उभे राहिले आणि पूर्ण तळहात मशीनवर ठेवला. तसाच ठेवून उभे राहिले.

“तुझे हात,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा भिंतीकडे होता. “तेव्हा.”

“कोरडे होते,” आई म्हणाल्या.

“हं,” नाना म्हणाले.

नाना कमी जेवले. आईंनी आग्रह केला नाही, पण ताक दोनदा वाढलं. जेवण झाल्यावर आईंनी मळके कपडे मशीनमध्ये टाकले आणि मशीन सुरू केलं. त्या घरघरीत नाना खुर्चीत बसून फोनवर काहीतरी करत होते. निघताना मी पाहिलं. पोस्टला त्यांनी ‘अर्थिंग’ हे लेबल लावलं होतं आणि खाली लिहिलं होतं, “बोर्ड बसवणारा सापडला. दोष त्याचा. दुरुस्त केला.” एकाने विचारलं होतं, नाना तुम्हाला कसं कळलं?

‘गृहमंत्री दोष’ हे लेबल यादीतून काढायचं का, यावर आम्ही तिघांनी मत घेतलंच नाही. सोमवारी पाहिलं तर ते यादीत नव्हतं. काढण्याचा हक्क नानांकडेच आहे. त्याबरोबर त्या लेबलाखाली बंद केलेल्या सगळ्या जुन्या पोस्टची कुलुपं निघाली. बऱ्याच बायकांनी केव्हाच ग्रुप सोडलाय. काही आहेत. नाना रोज सकाळी पेपरच्या आधी त्यातल्या काही पोस्ट वाचतात आणि खाली एकच प्रश्न लिहितात, “ताई, हा त्रास अजून आहे का?” एकीने लिहिलं, आता आठवत नाही. दुसरीने लिहिलं की गीझर तेव्हाच विकला. एकीचा त्रास अजून होता, आणि त्यावर सध्या लिफ्टवाले आणि नाना मिळून काम करताहेत. मोजमाप मी मागितलंय.

त्या उघडलेल्या पोस्टांपैकी सगळ्यात जुनी मिक्सरची आहे, नानांनी स्वतः लिहिलेली. तिच्याखाली परवा ‘कोरडे हात’ यांनी एक ओळ लिहिली. “भिंतीवरचं बटण आदल्या संध्याकाळी ट्यूब बदलताना कोणी बंद केलं होतं, ते आठवून पाहावं.”

नानांनी ती वाचलीय, तशी खूण दिसते. काल मी घरी गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मिक्सरच्या बटणाकडे बघत होते, आणि आई त्यांना सांगत होत्या की स्टूल जरा बाजूला घ्या, मला चहा करायचाय.